खंडेनवमीचं तेल

जयपूरच्या झोटवाड्यात आमच्या कॉलनीत मराठी घरं मोजकीच. बहुतेक रेल्वेतली, बदलीवर आलेली आणि मग इथंच राहून गेलेली. सुवर्णाताई भारंबे त्यांतल्याच, मूळच्या भुसावळच्या. नातवंडं खेळवायच्या वयात त्या गाडी चालवायला शिकल्या. त्यांचे यजमान उत्तमराव यांना शहरातली गर्दी सोसत नाही, मुलगा संकेत मोटरसायकलवर खूश, त्यामुळे घरची गाडी कापडाखाली उभी असायची. सुवर्णाताईंनी एक दिवस ते कापड काढलं ते काढलंच.

तेव्हापासून आम्हा बायकांना रिक्षावाल्यांशी घासाघीस करावी लागली नाही. दाताचा डॉक्टर असो, मोती डुंगरीचा गणपती असो की राजा पार्कात कुणाकडे हळदीकुंकू, सुवर्णाताई दारात हॉर्न वाजवायच्या. उत्तमराव म्हणायचे, "आमच्याकडे ड्रायव्हर ठेवलाय, पगार मागत नाही, फक्त बोलतो फार." त्या हसायच्या. पण गाडीची किल्ली मात्र देवघरातल्या कोनाड्यात असायची, आणि ती दुसऱ्या कुणी उचललेली त्यांना खपत नसे.

त्यांचे वडील भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात होते. त्यामुळे खंडेनवमी त्यांच्या माहेरी दिवाळीहून मोठी. घरातलं सगळं लोखंड त्या दिवशी बाहेर काढायचं, गंज घासायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि मग हळदकुंकू. सुवर्णाताईंनी ही रीत जयपुरातही सोडली नाही. विळी, अडकित्ता, कात्री, शिलाई मशीन, उत्तमरावांचे पाने, सगळं पाटावर चकचकीत मांडलेलं असायचं. मी दरवर्षी त्यांच्याकडे नमस्काराला जाते. लोखंडाला कोरडं ठेवलं की त्याचा शाप लागतो, असं त्यांचे वडील सांगत म्हणे.

गेल्या वर्षी नवमीच्या थोडं आधी त्यांनी दशरथजींकडून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलून घेतले होते. दशरथजींचं गॅरेज आमच्याच भागात, आणि कॉलनीतल्या सगळ्या मराठी गाड्या त्यांच्याकडेच जायच्या. मग अवेळी पाऊस झाला, गाडी ओल्यात उभी राहिली. नवमीला सुवर्णाताई गाडी धुवायला बसल्या, तर चाकाच्या आऱ्यांमधून आतली लोखंडी चकती, ब्रेकची डिस्क, नारिंगी पडलेली दिसली. एरवी आरशासारखी असते ती. त्यांना वाईट वाटलं. ज्या लोखंडाच्या जिवावर आपण चार बायका हिंडतो, त्याची पूजा अशी गंजक्या अंगानं करायची?

त्यांनी काडीला फडकं गुंडाळलं, शिलाई मशीनच्या तेलात बुडवलं, आणि आऱ्यांमधून जिथवर हात पोचला तिथवर दोन्ही चाकांच्या डिस्क पुसून काढल्या. मनापासून, सढळ हातानं. वर कुंकवाचं बोट लावलं.

आता मला माहीत आहे की तो गंज नुसता वरवरचा असतो. गाडी थोडी चालली, ब्रेक दोन-चारदा दाबला की पॅड तो आपसूक खरवडून टाकतात. पॅड त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात म्हणून गाडी थांबते. तिथं तेल लागलं की चिमटी सुटलीच. घरातलं हे एकच लोखंड असेल, ज्याला कोरडंच ठेवायचं असतं.

दसऱ्याला आम्ही तिघी राजा पार्काला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला निघालो. मी पुढे त्यांच्या शेजारी, मागे कॉलनीतलीच सईची आई. वाटेत सुवर्णाताई म्हणाल्या की ब्रेक जरा जोरात दाबावा लागतोय, पण नवे पॅड बसायला वेळ घेतात असं दशरथजी बोलले होते. बाजारात शिरलो तर ही गर्दी. समोर झेंडूच्या फुलांची हातगाडी आडवी आली. सुवर्णाताईंनी ब्रेक दाबला. सगळा जोर लावला, तरी गाडी पुढेच. त्यांनी हँडब्रेक ओढला म्हणून थांबलो, पण तोवर हातगाडी कलंडली होती. फुलवाला बाजूला उडी मारून वाचला. रस्ताभर झेंडू, आणि बॉनेटच्या खालून जळक्या तेलाचा वास.

मी देवाचं नाव घेत होते. सुवर्णाताईंनी तो वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, घाबरल्या.

संकेत मोटरसायकलवर आला. त्यानं फुलवाल्याची समजूत घातली, आणि तिथंच उभं राहून दशरथजींना फोनवर वाट्टेल ते बोलला. नकली पॅड घातलेत म्हणाला. आईला म्हणाला, "तुझी काहीच गलती नाही, मतलब, त्यानं फसवलं आपल्याला." संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर त्याचा मेसेज गेला होता: दशरथच्या गॅरेजला कुणीही गाडी देऊ नका, माझी आई थोडक्यात वाचली. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग. एकानं लगेच लिहिलं की त्यानं ठरलेली सर्व्हिसिंग रद्द केली.

सुवर्णाताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहाला गेले तर ओट्याशी पाठ करून उभ्या. उत्तमराव म्हणत होते की मेकॅनिकचा दोष निघाला हे बरं झालं, नाहीतर लोक म्हणाले असते बाई माणसाच्या हातात गाडी दिली. ते गमतीनं बोलत होते. सुवर्णाताईंनी धुतलेलीच बशी पुन्हा धुवायला घेतली.

गाडी ओढून दशरथजींकडेच नेली होती, कारण संकेतला त्यांच्या तोंडावर पॅड फेकायचे होते. सुवर्णाताई मला म्हणाल्या, "तू चल गं शुभदा. नुसती उभी राहा." मी गेले. उत्तमराव आणि संकेतही बरोबर होते.

दशरथजींनी कुणाला नमस्कारही केला नाही. मुकाट्यानं चाक उतरवलं. डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, मग पॅड काढून उजेडात धरला. तेलानं काळा झाला होता. "इसमें किसी ने तेल डाला है," ते म्हणाले.

"तुम्हारे ही यहाँ डला होगा," संकेत म्हणाला. "और किसने डालना है?"

दशरथजींनी पॅड खाली ठेवला. साठीचा माणूस, हात पुसत उभा. शेजारच्या दुकानातले दोघंतिघं बघायला आले होते. मी सुवर्णाताईंकडे पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला होता, जसा देवळात घेतात तसा.

"मैंने लगाया," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की संकेतनं विचारलं, काय? तेव्हा मराठीत सांगितलं, "मी लावलं रे. नवमीला. गंज चढला होता म्हणून. मला रस्त्यातच कळलं होतं, वास आला तेव्हा."

शेजारच्या दुकानातला एक जण फिसकन हसला. संकेत जमिनीकडे बघत राहिला.

दशरथजींना त्या माफी मागू लागल्या. त्यांनी ती घेतली नाही, टाकलीही नाही. "माताजी, ग़लती तो हो जाती है," ते म्हणाले. "पर उसी दिन बोल देतीं." एवढं बोलून ते कामाला लागले.

सुवर्णाताईंनी संकेतचा फोन मागितला नाही. स्वतःचा काढला आणि तिथल्या स्टुलावर बसून, चष्मा पुसत पुसत ग्रुपवर लिहिलं. दशरथजींचा दोष नाही, डिस्कला तेल मी लावलं, आणि कळूनही गप्प राहिले. हे शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती असं मला वाटलं. पहिलं उत्तर आलं ते हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांचं. मग कुणीतरी विचारलं, ताई, लसणाची फोडणी पण दिली का? त्यांनी ते वाचलं, फोन पर्समध्ये ठेवला. ज्यानं सर्व्हिसिंग रद्द केली होती, त्यानं काहीच लिहिलं नाही.

पॅड टाकून द्यावे लागले. डिस्क दशरथजींनी फवारा मारून धुतल्या, नखानं चरे चाचपले, जाडी मोजली आणि चालतील म्हणाले. सुरुवातीला गाडी हळू न्या, थोड्या थोड्या वेळानं ब्रेक दाबत, म्हणजे नवे पॅड नीट बसतील, असंही सांगितलं. सांगताना त्यांनी किल्ली उत्तमरावांच्या हातात दिली. एरवी ती सुवर्णाताईंना देत.

उत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. मी मागे बसले होते; त्या मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

गाडी कालवाड रोडला लागली. उत्तमराव सांगितल्याप्रमाणे ब्रेक दाबत होते, गाडी नीट थांबत होती. दर वेळी सुवर्णाताईंचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जाई. माझं तिकडे लक्ष गेलेलं त्यांना दिसलं, तेव्हा त्यांनी साडीचा घोळ पावलांवर ओढून घेतला.