सात टाळ्यांचा शब्द

पहिलीत लेकीला शाळेत शब्दांच्या टाळ्या शिकवत. शब्द तोडायचा, एकेका तुकड्याला एक टाळी. जर्मन शब्द दोन-तीन शब्द चिकटवून केलेले, आणि जोर बहुतेक वेळा पहिल्यावर. त्याच वर्षी माझे बाबा साताऱ्याहून जर्मनीत लुडविग्सहाफेनला आमच्याकडे तीन महिने राहायला आले.

मला एकच हवं होतं. तीन महिन्यांत बाबांनी, म्हणजे लेकीच्या आबांनी, नातीला मराठी बोलतं करायचं. तिला कळायचं सगळं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. बाबांना तर जर्मन ओ की ठो कळत नव्हतं.

झालं भलतंच. मी कामावरून येऊन ट्राममधून उतरले की दोघं थांब्याच्या बाकावर हजर. लेक टाळ्या वाजवत ओरडायची, "श्ट्रा-सन-बान-हाल-टे-श्टे-ले!" अर्थ काय, तर ट्रामचा थांबा! बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे. मांडीवर सात मोजून म्हणायचे, "अगं, हा तर रूपक ताल! आपल्या रूपकात पहिली मात्रा रिकामी, इथं मात्र पहिल्यावर दणकून ये, पोरी!" दोघं खदखदून हसायची.

मी वैतागले. "बाबा, तुम्ही शिकवायला आलात की शिकायला?"

"खेळू दे गं. बोलेल हळूहळू."

पण मी कुठली ऐकतेय! आबांसमोर जर्मन बंद, असा फतवाच काढला. मराठीत चुकलं की मी लगेच सुधारायची, तेही सगळ्यांसमोर. लेक गप्पच झाली. आबांजवळ जाणंही तिनं सोडलं. शेवटचे तीन आठवडे बाबा बाल्कनीत एकटेच बसून असत. मला मात्र चकार शब्द बोलले नाहीत. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी टाळीसाठी तिच्यापुढे हात केला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

पुढच्या दिवाळीआधीच बाबा गेले. अजून मी ट्राममधून उतरताना आधी त्या बाकाकडे बघते. फार आठवण येते हो त्यांची.

लेक आता दहा वर्षांची आहे. मराठी फाडफाड बोलते. परवा पोळ्या लाटत होते, तर शेजारी येऊन म्हणाली, "आई, आबा माझ्यावर रागावून गेले का गं?"

"नाही गं राणी. तुझ्यावर कशाला रागावतील?"

ते माझ्यावरसुद्धा रागावले नव्हते. रागवायला हवं होतं.