पेन्सिलीत राहिलेलं पान

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या मासळी बाजारात बांगडे निवडत होतो. "भावजी, हे गेले. चहा घेतला, खुर्चीत बसले आणि..." हातातला बांगडा मी परत टोपलीत ठेवला. मनोहर तेंडोलकर, माझा पन्नास वर्षांपासूनचा मित्र, आदल्याच संध्याकाळी माझ्याशी भांडून गेला होता. भांडण त्याच्या एका वहीवरून होतं, खरं तर त्या वहीतल्या माझ्या पानावरून. जाताना जिन्यातून ओरडला, "बाळ्या, उद्या ये. एकच पान राहिलंय!" मी दार लावून घेतलं. याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघं भांडुपच्या एकाच चाळीत वाढलो. पुढे तो शाळेत भूगोल शिकवायला लागला, मी टेलिफोन खात्यात चिकटलो. राजकारणात मात्र आमची तोंडं दोन दिशांना. मतदानाच्या दिवशी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला आम्ही आपापल्या पक्षाच्या टेबलावर, रस्त्याच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला तो. दिवसभर एकमेकांकडे रागाने बघायचं आणि दुपारी वहिनींनी दिलेला डबा एकत्र खायचा, असा आमचा रिवाज होता.

महामारी आली तेव्हा राज्यात माझ्या पक्षाचं सरकार होतं आणि दिल्लीत त्याच्या. मग काय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज जुंपायची. तुमच्या राज्यात प्रेतांच्या रांगा, आमच्या राज्यात बघा कसं काम चाललंय... मीही त्यात हिरिरीने होतो, कबूल करतो. मन्या मात्र या सगळ्याला विटला. त्याने एक जाडजूड वही घेतली आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या नातेवाइकांना, जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच पाच प्रश्न. ताप आल्यावर कुणी विचारपूस केली? तपासणीचा निकाल कधी आला? बेड आणि ऑक्सिजन मिळायला किती वेळ लागला? माणूस गेला असेल तर अंत्यसंस्काराला किती थांबावं लागलं? आणि त्याच्या मृत्यूची नोंद खरी झाली का? उत्तर आधी पेन्सिलीने लिहायचं, काही दिवसांनी परत फोन करून खात्री करायची, आणि मग त्यावरून शाई फिरवायची.

यात त्याची खरी मास्तरकी पुढेच होती. बोर्डाचे पेपर त्याने वर्षानुवर्षं तपासले होते. मुलाचा नंबर झाकलेला असतो, म्हणूनच मार्क खरे पडतात, हे त्याच्या हाडात भिनलेलं. म्हणून राज्याचं नाव तो पानाच्या कडेला लिहायचा आणि ती पट्टी दुमडून टाचणी लावायचा. मग त्यांच्या गॅलरीत दोन टोकांना दोन खुर्च्या, तोंडाला मास्क, आणि तो मला पाचही उत्तरं वाचून दाखवायचा. "बोल, पास की नापास?"

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. घरोघरी जाणाऱ्या बायका, वेळेवर आलेली गाडी, रोज येणारा फोन... मी म्हणालो, "झकास! याला म्हणतात सरकार!" त्याने टाचणी काढली. राज्य त्याच्या पक्षाचं निघालं. पठ्ठ्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

एका दुपारी त्याने एका म्हातारीचं पान वाचलं. निकाल ती गेल्यावर आला. जाळायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. दाखल्यावर कारण भलतंच लिहिलं. मी भडकलो. "या सरकारला लाज नाही रे! सरळ नापास." त्याने टाचणी काढून वही माझ्यासमोर धरली. राज्य पुन्हा त्याच्याच पक्षाचं होतं आणि खाली नाव होतं आक्का. त्याची थोरली बहीण. लग्न होऊन त्या राज्यात गेलेली. ती गेल्याचं त्याने मला सांगितलंच नव्हतं.

"मन्या, हे वहीत ठेवू नको," मी म्हणालो. "आमचीच माणसं तुमच्याविरुद्ध वापरतील."

"वापरू दे. माझी बहीण गेली ना? मग ती कुठेतरी दिसायला नको?" त्याने माझ्यादेखत त्या पानावर शाई फिरवली. एक अक्षर वाकडं गेलं नाही. मग म्हणाला, "असला रोग परत येणार रे. तेव्हा कुणी काय बरं केलं होतं आणि कुणी माती खाल्ली, हे कळायला नको?"

दुसऱ्या लाटेत घाटकोपरला राहणारा माझा मोठा भाऊ गेला. दादाचे दिवस झाल्यावर मन्याचा फोन आला, पाच प्रश्न घेऊन. तिसऱ्या प्रश्नाला मी म्हणालो, "बेड ताबडतोब मिळाला." तो मालवणीत म्हणाला, "बाळ्या, माका खरा सांग."

"खरंच सांगतोय."

"बरं."

मी खोटं बोललो होतो. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत मी दादाला रिक्षात घेऊन फिरत होतो. तीन ठिकाणी नाही म्हणाले. ज्यांच्यासाठी आयुष्यभर चिठ्ठ्या वाटल्या, त्यांना फोन केले, एकानेही उचलला नाही. हे मन्याच्या वहीत, त्याच्या हातात द्यायची मला लाज वाटली. माझ्या पक्षाची लाज राखायला मी माझ्या भावाचे शेवटचे तास पुसून टाकले.

महामारी सरून काही वर्षं झाल्यावर, त्या शेवटच्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, तेव्हा वहीची स्वच्छ नक्कल करायला बसणार होता. सगळ्या पक्षांच्या कार्यालयांत आणि वाचनालयांत प्रती द्यायच्या होत्या त्याला. म्हणाला, "तुझं पान सोडून सगळी वही शाईत आहे." मी उखडलो. "इतक्या वर्षांनी कोण वाचणार आहे तुझं बाड?" यावरून आमचं भांडण झालं.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं आणि वही पुढ्यात ठेवली. माझं पान उघडलं. 'बेड ताबडतोब मिळाला.' पेन्सिल पुसट होऊ नये म्हणून त्याने अक्षरं दोनतीनदा गिरवलेली दिसत होती.

"त्यांना माहीत होतं, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमचा तो रिक्षावाला त्यांचा विद्यार्थी. तुमचे दादा गेले त्याच आठवड्यात येऊन रडला होता इथे. मी म्हटलं, मग लिहून टाका ना. तर म्हणाले, भाऊ त्याचा आहे, तोच सांगेल."

मला रडू आवरलं नाही. आमच्या सगळ्या वादांत वर्मी लागेल असा घाव त्याच्या हातात होता, आणि तो त्याने एकदाही घातला नाही.

मग मी त्याचं पेन मागून घेतलं. खोटं उत्तर खोडलं नाही, तेही दिसू दे. खाली शाईने लिहिलं, सकाळी नऊ ते दिवेलागण, रिक्षात, तीन ठिकाणी नकार. कडेची पट्टी दुमडून टाचणी लावली. हल्ली रोज सकाळी मी त्या गॅलरीत नक्कल करायला बसतो. निम्मी झाली आहे, उरलेलीही मीच पुरी करणार. पण त्या दिवशी आधी वहिनींना समोर बसवून मी पाचही उत्तरं मोठ्याने वाचली, मन्या वाचायचा तशी. त्याची खुर्ची आम्ही रिकामीच ठेवली होती. तिच्याकडे बघून मी म्हणालो, "नापास," आणि टाचणी काढली.