टेंबे मॅडम आणि बाळोजीची रजा

टेंबे मॅडम गेल्याची बातमी आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आली. 'टेंबे मॅडम नहीं रहीं', एवढंच. दुसरा कुठला ग्रुप असता तर पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली असती. आमच्याकडे कुणी काही टाकलं नाही. मग एकाने विचारलं, 'किसने बताया?' बातमी टाकणाऱ्याने कबूल केलं की त्यालाही दुसऱ्या ग्रुपवरूनच कळलं होतं. शेवटी हरिशंकरपुरममध्ये राहणारी आमची एक मैत्रीण मॅडमच्या घरापर्यंत चालत गेली आणि तिने लिहिलं, 'मैं उनके दरवाज़े पर खड़ी हूँ। सच है।' तेव्हा कुठे आम्ही रडलो. मॅडमना हे कळलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या... आणि वर म्हणाल्या असत्या, दरवाजापर्यंत गेलात ते ठीक, आत कोण गेलं?

वसुधा टेंबे आम्हाला नववीत इतिहास शिकवायच्या. लश्कर भागातली हिंदी माध्यमाची शाळा, वर्गात आम्ही मराठी मुली चार-पाच. पुस्तक त्या उघडायच्या खऱ्या, पण थोड्या वेळाने मिटून विचारायच्या, "ये किसने लिखा? उसने देखा था, या सुना था?" छापलेल्या पुस्तकावर संशय घेणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. एकदा त्यांनी काम दिलं: तुमच्या घरी सगळ्यांना अगदी पक्की माहीत असलेली एक गोष्ट आणा, आणि ती पक्की कशावरून, ते शोधा. मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या देवघरात सनद होती.

आम्ही जगदाळे. आमचा मूळपुरुष बाळोजी दक्षिणेतून फौजेबरोबर आला, पुढे शंभर स्वारांचा नायक झाला आणि दरबारातून त्याला सनद मिळाली, हे मी बोलायला लागले तेव्हापासून ऐकत होते. लाल फडक्यात गुंडाळलेला तो मोडीतला कागद दसऱ्याला गंजक्या तलवारीशेजारी पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं. घरात मोडी कुणालाच येत नव्हती. वाचता येत नव्हता म्हणूनच बहुधा त्याचा इतका मान होता. बिर्लानगरची मिल बंद पडल्यावर बाबा नया बाज़ारात एका दुकानात कापड मोजून द्यायचे. दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन आलेल्या माणसाला त्या कागदाचा किती आधार असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी कागदाची झेरॉक्स काढली आणि ऐटीत मॅडमच्या हातात दिली.

मॅडमना त्यांच्या आजोबांनी मोडी शिकवली होती. त्यांनी कागद वाचला, पण मला काही सांगितलं नाही. "माझं वाचन म्हणजे एकाच माणसाची साक्ष झाली, बेटा," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी तीच झेरॉक्स मोडी जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाठवली, स्वतःला काय दिसलं ते न सांगता. दोन्ही वाचनं जुळली. तो एक अर्ज होता. पागेतला मोतद्दार बाळोजी, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, विनंती करत होता की घरी बायको बाळंतपणात फार आजारी आहे, आठ दिवसांची रजा मिळावी.

आणि मग मॅडमनी चूक केली. इतका सुरेख पुरावा हाती आल्याच्या आनंदात त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. मुलं खो खो हसली. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'लीद वाली' पडलं होतं. मी घरी येऊन रडत रडत सगळं सांगितलं, तर बाबांनी तो कागद देवघरातून काढून ट्रंकेत टाकला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी तीन दिवस शाळेत गेले नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं वाटून मला मॅडमचा मनापासून राग आला होता.

चौथ्या दिवशी मॅडम आमच्या क्वार्टरवर आल्या. आईने पाणी दिलं. बाबा खाटेवरून उठले नाहीत.

"मी माफी मागायला आले आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन माणसांकडून तपासून घेतलं, पण जिचा कागद तिला आधी सांगितलं नाही. ही माझी गलती."

बाबा खाटेवरूनच म्हणाले, "बात अशी आहे मॅडम, की आमच्याकडे तेवढंच होतं. तो कागद झूठा निघाला."

"कागद अगदी खरा आहे, जगदाळेसाहेब. आपण त्याच्याबद्दल सांगत होतो ते खरं नव्हतं. आणि एक विचारू? अर्ज तर पागेत द्यायचा. मग तो तुमच्या घरात कसा राहिला?"

बाबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. अर्ज दिलाच नसेल का? की नामंजूर होऊन परत आला? की धीर झाला नाही? त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला. पुढे कित्येक वर्षं बाबा सुट्टीच्या दिवशी सायकल काढून हरिशंकरपुरमला मॅडमकडे जायचे. बाळोजीचा छडा काही लागला नाही, पण आपणही प्रश्न विचारू शकतो, याची बाबांना चव लागली. दुकानात कुणी काही ठोकून दिलं की "तुम्हाला कुठून माहीत पडलं?" असं विचारून ते भांडण ओढवून घ्यायचे. माझा रागही हळूहळू निवळला. चुकल्यावर विद्यार्थिनीच्या घरी चालत येणारी दुसरी शिक्षिका मला आजवर भेटली नाही, आणि माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

परवा बाबांना घेऊन मॅडमच्या घरच्यांना भेटून आले. आमच्या घरी परतल्यावर बाबा भिंतीजवळ उभे राहिले. तिथे पुढे कधीतरी ट्रंकेतून काढलेला बाळोजीचा कागद चौकटीत आहे, खाली मॅडमच्या गोल अक्षरात त्याचं देवनागरी, आणि शेवटची ओळ: 'रजा मिळाली की नाही, माहीत नाही.' आमच्या घरी आणखीही एक गोष्ट सांगतात. मी जन्मले तेव्हा बाबा मिलमधून धावत इस्पितळात आले आणि दिवसभर दाराशी उभे होते. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी ती पाहुण्यांना ऐकवली होती.

"मी नव्हतो तिथे," बाबा चौकटीकडे बघत म्हणाले. "ड्यूटीवर होतो. रजा मागितलीच नाही, हिंमत नाही झाली. मॅडमना सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, मला काय सांगता, जिची गोष्ट आहे तिला सांगा. मी टाळत राहिलो."

आई कोपऱ्यात मटार सोलत होती. तिचा हात थांबला नव्हता.

"आई, तुला माहीत होतं?"

"मी तिथेच होते ना," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं त्या बाळोजीचं विचारत राहिलात. मला कुणी विचारलं?"

बाळोजीच्या बायकोचं पुढे काय झालं, हेही आम्ही कधी कुणी विचारलं नव्हतं... मी आईसमोर जमिनीवर बसले, मूठभर शेंगा माझ्याकडे ओढल्या आणि म्हटलं, "आता सांग. पहिल्यापासून."