पुढे काय झालं, हे उताऱ्यात नसतं

इंग्रजी न कळता इंग्रजीत पास होण्याची एक पद्धत आहे आणि मी आयुष्यभर तिच्यावर जगलो आहे. ती आधी सांगतो.

प्रश्नपत्रिकेत एक उतारा येतो. तो पाठ्यपुस्तकातला नसतो, म्हणून त्याला अनसीन पॅसेज म्हणतात. तो वाचायचा नाही. थेट प्रश्नांवर जायचं. प्रश्नातला एक ठळक शब्द पकडायचा, समजा 'अंब्रेला', आणि तो उताऱ्यात कुठे आहे ते शोधायचं. सापडला की ते अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवायचं. छत्री कोणाची, ती कशी हरवली, याच्याशी आपला संबंध नाही. ही पद्धत मला शाळेत सरांनीच शिकवली. दहावीला मला इंग्रजीत अठ्ठेचाळीस गुण मिळाले. पुढे ठाण्यात एका कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर लागलो. तिथेही इंग्रजी पत्र आलं की त्यातलीच वाक्यं थोडी फिरवून मी उत्तरात घालतो. अठ्ठावीस वर्षांत कोणाची तक्रार आलेली नाही. पत्रं पाठवणारेही याच पद्धतीने शिकलेले असावेत.

नात्यात मात्र मी इंग्रजीवाला म्हणून ओळखला जातो. गेल्या जूनमध्ये माझ्या थोरल्या बहिणीचा खडवलीहून फोन आला, तो त्यामुळेच.

"अरे, मी दहावीला बसतेय. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाकीचे विषय मी बघते, इंग्रजी तू बघ."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे चोपन्नची. खडवलीला तिची आणि भावोजींची पिठाची गिरणी आहे. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, फॉर्म कोणी भरून दिला? ती म्हणाली, "मीच."

मी पुन्हा विचारलं, तू स्वतः? कारण आमच्या घरात एक वाक्य म्हणीसारखं वापरलं जातं: 'माझ्या हातचा फॉर्म पास होत नाही.' ते ताईचं वाक्य आहे. रेशनकार्ड असो, गॅस असो, मुलांच्या शाळेचे दाखले असोत, ती कधी स्वतः फॉर्म भरत नसे. कोणाला तरी भरायला लावायची आणि स्वतः फक्त सही करायची. सगळे हसायचे, तीही हसायची. एखाद्या भाचीचा अर्ज कुठे नामंजूर झाला की आम्ही म्हणायचो, ताईने हात लावला असेल. मीही म्हणायचो. या वाक्यामागचं खरं कारण माहीत असणारा घरात मी एकटाच होतो, आणि तरीही म्हणायचो.

सदतीस वर्षांपूर्वी आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या चाळीत राहत होतो. ताई दहावीला एकाच विषयात नापास झाली. इंग्रजीत एकतीस. चार गुण कमी. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं. तिने फॉर्म भरला, बाबांनी सही केली आणि शाळेत नेऊन द्यायला माझ्याकडे दिला. मी आठवीत होतो. शाळेच्या वाटेवर गोविंदांच्या थरांचा सराव चालला होता. मी वजनाने हलका, म्हणून मला वर चढवायला बोलावलं. फॉर्म चड्डीच्या कमरेत खोचून मी चढलो. पाऊस होता, घाम होता, खाली उतरलो तेव्हा फॉर्मचा लगदा झालेला होता. मी तो गटारात टाकला आणि घरी येऊन फॉर्म दिला म्हणून सांगितलं.

इथवर मी लहान होतो असं म्हणता येईल. पण हॉल तिकीट येईना. ताई रोज पोस्टमनची वाट बघू लागली. शेवटी आईने मला शाळेत चौकशीला पाठवलं. मी शाळेच्या फाटकाला हात लावून परत आलो आणि सांगितलं, "फॉर्ममध्ये काहीतरी चुकलंय म्हणाले. म्हणून गेला नाही."

ताईने विचारलं, काय चुकलंय? मी म्हटलं, ते नाही सांगितलं.

मार्चला पुन्हा बसता आलं असतं. ती म्हणाली, राहू दे. वर्षभरात खडवलीचं स्थळ आलं.

तर गेल्या जूनपासून मी दर रविवारी कोपरच्या माझ्या घरून खडवलीला जाऊ लागलो. गिरणीच्या मागच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. पट्टा सुरू झाला की मला ओरडून शिकवावं लागे. गाइडच्या पानांवर पीठ बसे, ते फुंकून ताई वाचायला लागायची. भावोजी दारातून डोकावून म्हणायचे, "मास्तर आले. चक्की हळू करू का?" पण करायचे नाहीत.

व्याकरण ताईला लवकर आलं. शब्द पाठ करायची तिची स्वतःची रीत होती. गिरणीतल्या डब्यांना तिने इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या, गव्हाला, तांदळाला, चाळणीला. दळण घेऊन येणाऱ्या बायकाही दोन महिन्यांत ते शब्द म्हणायला लागल्या. अडचण फक्त उताऱ्याची आली. मी तिला माझी पद्धत शिकवली. तिने नीट ऐकून घेतली आणि मग उतारा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

उतारा एका दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराचा होता. वादळात दिवा विझतो, समुद्रात एक जहाज असतं, म्हातारा काडेपेटी घेऊन जिना चढायला लागतो. तिथे उतारा संपतो, खाली प्रश्न.

ताई म्हणाली, "मग लागला का दिवा?"

मी म्हटलं, ते प्रश्नात नाही.

"पण लागला का?"

मी सांगितलं की उतारा कुठल्यातरी मोठ्या गोष्टीतून कापून घेतलेला असतो, पुढचं आपल्याला माहीत नसतं आणि त्याला गुणही नसतात. तिला ते पटलं नाही. पुढच्या रविवारी गेलो तर भावोजींनी चक्की खरोखर बंद केली आणि विचारलं, "मास्तर, त्या जहाजाचं काय झालं?" ताईने गोष्ट गिरणीत सगळ्यांना सांगितली होती. दळणाच्या रांगेत दोन पक्ष पडले होते.

प्रत्येक उताऱ्याला हेच. सायकल चोरीला गेलेला डॉक्टर, पत्राची वाट बघणारी मुलगी, माकड पाळणारा शिंपी. ताई उत्तरं लिहायची, वही माझ्याकडे सरकवायची आणि विचारायची, पुढे काय झालं असेल? मी म्हणायचो, ताई, हे येणार नाही परीक्षेत. कोपरला परत जाताना मात्र माझ्या लक्षात यायला लागलं की चाळीस वर्षांत मी शेकडो उतारे सोडवले आणि त्यातल्या एकाही माणसाची मला काळजी वाटलेली नाही.

दिवाळीनंतर एकदा ती सहज म्हणाली की फॉर्म भरायला तिला चार संध्याकाळी लागल्या. फोनवरच भरायचा होता. सून म्हणाली, आई मी भरते, पण हिने दिला नाही. जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तीनदा ताडून पाहिली. "या खेपेला गेला," ती म्हणाली. मी गाइडमधला पुढचा धडा उघडला.

सांगायचं तेव्हाच होतं. पुढच्या प्रत्येक रविवारी सांगायचं होतं. पण मराठीत सांगायचं तर 'मी' म्हणावं लागतं, आणि तो शब्द तोंडापर्यंत आला की मी काळ विचारायचो, साधा भूतकाळ, पूर्ण भूतकाळ. ताई बरोबर सांगायची.

मग जानेवारीच्या अखेरीस गाइडमधले उतारे संपले. मी म्हटलं, एक मी स्वतः तयार करून आणतो. बायको म्हणाली, अहो, तुम्ही इंग्रजीत लिहिणार? स्वतःचं?

आठवडाभर लिहीत होतो. इंग्रजीत 'मी' म्हणायची गरज नव्हती, 'अ बॉय' म्हणून भागलं. एक मुलगा, त्याची बहीण, एक फॉर्म. लगद्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शब्दकोशात शोधायला पाऊण तास गेला. चौदा ओळींचा उतारा झाला. त्यातली प्रत्येक ओळ मला कळत होती, असा आयुष्यातला पहिलाच इंग्रजी उतारा. खाली गाइडसारखेच पाच प्रश्न घातले. चूक की बरोबर: मुलाने फॉर्म शाळेत दिला. फॉर्म शाळेत का पोचला नाही? मुलाने बहिणीला काय सांगितलं? दोन शब्दांचे विरुद्धार्थी शब्द. पाचवा, स्वतःच्या मनाने लिहायचा, दोन गुणांचा: तुम्ही त्या मुलाला काय सांगाल?

रविवारी ताईने उतारा घेतला. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, ती पहिल्या शब्दापासून वाचू लागली. बाहेर कोणाची ज्वारी चालली होती. आठव्या ओळीवर बोट थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मग पुढे सरकलं. तिने एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. पेन घेतलं, पाचही उत्तरं लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली.

पुढे काय झालं, हे तिने विचारलं नाही.

पहिली चार उत्तरं बरोबर होती. पाचव्याला तिने तीन वाक्यं लिहिली होती. मुलाने दुसऱ्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. बहिणीला वाटलं की तिला फॉर्म भरता येत नाही. मी त्या मुलाच्या हातात पुन्हा कधी फॉर्म देणार नाही.

माझ्या हातात लाल पेन होतं. काय करावं सुचेना, म्हणून मी गुण दिले. दोनपैकी दीड.

ताईने वही बघितली. "अर्धा का कापलास?"

"उत्तर थोडं लहान आहे. चार-पाच ओळी तरी लागतात."

"मला नाही वाटत लहान."

मी दीड खोडून दोन केले.

ती उठून चहा करायला गेली. दोन कप घेऊन आली, माझा माझ्यापुढे ठेवला आणि बसली. कपावर फुंकर घालत म्हणाली, "काय चुकलं असेल ते मी शोधत असायची रे. तारीख चुकली की नावाचं स्पेलिंग. पोळ्या लाटताना पण तेच डोक्यात."

मी म्हटलं, "काहीच चुकलं नव्हतं. फॉर्म चांगला भरलेला तू."

"हो. आज कळलं ते."

मला माफ कर असं मी म्हणणार होतो, पण दारात भावोजी आले, अंगभर पीठ. "काय मास्तर, आज कोणाची गोष्ट? पुढे काय झालं?"

ताई म्हणाली, "आजचा उतारा पुरता होता."

त्यानंतर परीक्षेपर्यंतचे सगळे रविवार मी गेलो. ती मला चहा देत होती, अभ्यास करत होती. पण तिने माझी पद्धत उचलली. उतारा आला की थेट प्रश्न, प्रश्नातून शब्द, शब्दावरून वाक्य. सात मिनिटांत दहापैकी नऊ. कोणाचं पुढे काय झालं, हे तिने एकदाही विचारलं नाही. इतके महिने मी तिला हेच सांगत आलो होतो, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. ती आता माझ्यासारखी पास होणार होती.

निकाल इथेच सांगून टाकतो. ती सगळ्या विषयांत पास झाली. इंग्रजीत बावन्न, म्हणजे माझ्याहून चार जास्त.

इंग्रजीच्या पेपरला केंद्र कल्याणला होतं. तिने मला फोन करून बोलावलं, गिरणीमुळे भावोजींना येता येत नव्हतं. शाळेच्या फाटकाशी सगळी सोळा-सोळा वर्षांची मुलं आणि त्यात निळ्या काठाच्या साडीतली ताई. एका मुलीने तिला, मॅडम, आमचा वर्ग कुठे, असं विचारलं. ताईने तिला फळ्यावरची यादी बघून वर्ग शोधून दिला आणि मग स्वतःचा शोधला. आत जायच्या आधी एकेक वस्तू माझ्याकडे दिली. पर्स, फोन, डबा, पाण्याची जास्तीची बाटली, चपलेचा अंगठा तुटला तर म्हणून आणलेली जुनी चप्पल. मी हात पुढे करून सगळं घेत होतो. शेवटी पेन आणि पाण्याची बाटली सोडली तर तिच्या हातात फक्त हॉल तिकीट उरलं. मी हात तसाच धरला होता. तिने हॉल तिकीट छातीशी धरलं आणि आत गेली.

तीन तास मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बायकांची पर्स घेऊन बसलो. दुकानदाराने विचारलं, मुलगी का? मी म्हटलं, बहीण. त्याने पुढे काही विचारलं नाही.

ताई बाहेर आली ती घामाघूम, बोटांना शाई. पेपर सोपा होता म्हणाली. पर्स घेतली, बाटली घेतली, पाणी प्यायली. चप्पल माझ्याकडेच ठेवली. आम्ही स्टेशनच्या दिशेने चालू लागलो. रिक्षांच्या रांगेपर्यंत ती पदराने बोटांची शाई पुसत होती. मग म्हणाली, उतारा एका कुंभारणीचा होता. डोक्यावर मडकी घेऊन ती तालुक्याच्या बाजाराला निघते, आणि ती रस्त्यावर येते न येते तोच बस निघून जाते. तिथेच संपवला.

"हं," मी म्हटलं.

"पुढे काय केलं असेल तिने?"

मी चालता चालता थांबलो. सवयीने तोंडातून निघालं, "प्रश्नात होतं का ते?"

"नव्हतं," ताई म्हणाली. "मी विचारतेय."

जुनी चप्पल हातात धरून मी त्या बाईचा विचार करायला लागलो.