मामंजींचे मैल

त्या यंत्राच्या तबकडीवरचे आकडे इंग्रजी होते, आणि आमच्या घरात इंग्रजी आकडे वाचता येणारी मी एकटीच, असं ठरून गेलं होतं. नाहीतर नव्या सुनेला सासऱ्याच्या चालण्याशी काय देणंघेणं असतं? लग्न होऊन मला चार महिने झाले होते. नवरा धानोऱ्याला लाकडाच्या डेपोवर कारकून, महिन्यातून दोनदा घरी यायचा. माझा दिवस डोक्यावरचा पदर सावरण्यात आणि दाराआड उभं राहण्यात जायचा. सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामंजींसमोर मी तोवर तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

आमचं गाव वडशापासून तीन कोसांवर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. समोर तलाव, तलावाखाली धानाची शेतं, मागे जंगल. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतंच. आमच्या गावच्या नाटकात बारा वर्षं राजाचं काम मामंजी करत होते. नाटक दरवर्षी नवं, राजा मात्र तोच. वर्षाचे उरलेले दिवस ते पुढच्या राजाची वाट पाहण्यात आणि जेवण्यात घालवायचे.

त्या जेवणानंच घात केला. आदल्या वर्षी भर नाटकात, राजाच्या लांबलचक भाषणाच्या मध्यावर, त्यांचा दम संपला. सिंहासन धरून ते मटकन खाली बसले. लोकांना वाटलं राजाला प्रजेचं दुःख सहन झालं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण नाटकमंडळींना खरं काय ते कळलं होतं. पोळा झाला, तालमी सुरू व्हायची वेळ आली, आणि पारावर कुणीतरी बोललं, "यंदा राजा गुरुजीले देऊन पाह्याव का?" गुरुजी म्हणजे शाळेचे मास्तर, अंगानं असे की मुकुट घातला तर गळ्यात यायचा. पण दम दांडगा. दिवसभर पोरांवर ओरडून कमावलेला.

मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे नेहमीसारखे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वडशाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, रोज तीन मैल चाला, दिवाळीला मी तपासतो. दम टिकला तर राजा व्हा, नाहीतर प्रेक्षकांत बसा. मंडळींनीही तेच ठरवलं. आणि डॉक्टरांनी स्वतःजवळचं एक यंत्र दिलं. खिशातल्या घड्याळासारखं गोल, वर एक काटा. कंबरेला अडकवायचं. पाऊल टाकलं की आत टिक वाजायचं आणि काटा मुंगीच्या पावलानं सरकायचा. तो कुठवर गेला ते रोज संध्याकाळी पाहायचं, मग वरची कळ दाबून तो परत शून्यावर आणायचा.

"हे कावळ्याचे पाय मले वाचता येत नाई," मामंजींनी यंत्र पुढं केलं. "सूनबाई फायनल पास हाये. ते वाचून सांगन." माझ्या तोंडून त्यांच्यासमोर निघालेला पहिला शब्द "शून्य" हा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी निघाले. तलावाच्या पाळीवरून टोकाला जायचं आणि परत यायचं, असा बेत. आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात माणसं खूप चालायची. शेतात, जंगलात, बाजाराला, पाहुण्याकडे. पण उगाच कुणी चालत नसे. कुठेही जायचं नाही, काही आणायचं नाही, तरी चालायचं, हे त्या गावानं पाहिलंच नव्हतं.

"काऊन भाऊ, कुठी चालले?" पहिल्याच घरातून हाक आली.

"कुठीच नाई."

"कुठीच नाई? मंग बसा."

बसले की चहा, चहाबरोबर चिवडा. पाच घरं झाली तेव्हा मामंजी फर्लांगभर पोचले होते आणि निघताना होते त्यापेक्षा जड झाले होते. काट्यानं जागा सोडली नव्हती.

पुढच्या सकाळी त्यांनी हाकांकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं. तलावाचं टोक गाठलं, परत आले, पुन्हा टोक गाठलं. तिसऱ्या खेपेला खालच्या शेतात निंदण करणारी माणसं उभी राहून पाहू लागली. एक म्हातारा काळजीनं जवळ आला. "भाऊ, काही हरपलं का?"

मामंजींनी सुटकेचा श्वास टाकला असावा. निदान विचारण्यासारखं कुणी काही विचारलं तरी. ते बोलून गेले, "हो ना. बैल."

"कोणता?"

"ढवळा."

ढवळा त्या वेळी आमच्या गोठ्यात उभा राहून कडबा खात होता. त्याच्यासारखा आळशी बैल पंचक्रोशीत नव्हता. तो आपणहून गव्हाणीपर्यंतसुद्धा जात नसे, चारा तोंडाशी यावा लागे. पण बातमी झाली. निंदण टाकून आठ माणसं जंगलात घुसली. दोघं सायकलवरून वडशाच्या वाटेला लागले. गुरुजींनी शाळा सोडून दिली आणि सगळी पोरं नाल्याकडे पाठवली. संध्याकाळी काट्यांनी अंग ओरबाडून घेतलेली ती फौज आमच्या अंगणात आली तेव्हा ढवळा दारातूनच दिसत होता.

आत्याबाईंनी एकदा बैलाकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "आला परत," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. पंधरा कप लागले.

पण चालणं तर रोजचं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "काऊन भाऊ, आज बी?" आता काय सांगणार? "आज बी." तिसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांत आमच्या ढवळ्याची अब्रू पार धुळीला मिळाली. ज्यानं गोठ्याबाहेर पाय ठेवला नव्हता, त्याला सगळं गाव उनाड म्हणू लागलं. पाचव्या दिवशी चार शेजारी एक भलं मोठं लाकूड घेऊन आले आणि आमचं एक न ऐकता ते ढवळ्याच्या गळ्यात अडकवून गेले. भटकणाऱ्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, ते पळायला लागलं की पायात येतं. ढवळ्यानं लोढण्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे पाहिलं. मला तर त्या बैलाची इतकी दया आली की मी त्याला चोरून गूळ दिला.

त्याच दिवशी जंगलालगतच्या टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे, एक गोंड आजोबा आले. त्यांनाही कुणीतरी शोधायला सांगितलं होतं. गेलेल्या गुराचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंगणाच्या कडेला ते उकिडवे बसले, चिलीम झटकली आणि हळूच बोलले, "भाऊ, पाळीवर बैलाचा एकबी खूर नाई. एकाच माणसाचा पाय हाये. जाते, येते. जाते, येते." मग जरा थांबून, "बैल कुठीच गेला नाई. माणूसच जाऊन राह्यला."

मामंजींचा चेहरा उतरला. आजोबांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण मामंजींना तेवढंच पुरे झालं. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडेनात. गुरुजी रोज संध्याकाळी "तब्येत कशी हाये भाऊ?" म्हणून यायचे. त्यांच्या खिशातून राजाच्या भाषणाचे कागद डोकावत असायचे. मला त्या कागदांचा भयंकर राग यायचा.

आणि मग चमत्कार झाला. मामंजी दिवसभर ओसरीवर बसून होते, दुपारी दोन तास घोरले. संध्याकाळी मी यंत्र पाहिलं तर काटा चारावर. मी पुन्हा पाहिलं. "चार," मी म्हणाले.

मामंजींचे डोळे विस्फारले. "चार मैल? मी तं फक्त आंगणात गेलो अन् आलो!" मग मिशीवरून हात फिरवत, "आपलं पाऊलच मोठं हाये, सूनबाई. राजाचं पाऊल!"

दुसऱ्या दिवशीही चार. तिसऱ्या दुपारी मी परसात गेले तेव्हा उलगडा झाला. आत्याबाई उखळात धान कांडत होत्या आणि मुसळाला, अगदी मधोमध, सुतळीनं ते यंत्र बांधलेलं होतं. मुसळ वर गेलं की टिक, खाली आलं की टिक. नवरा झोपला की त्या यंत्र काढून आणायच्या आणि तो उठायच्या आत परत ठेवायच्या.

मला पाहून त्या थांबल्या नाहीत. "बोलू नको कोनाजवळ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ह्यायले राजा व्हाचं हाये."

"पण आत्याबाई, त्यांचा दम..."

"वर्षातून एक डाव होते तो मानूस राजा. बाकीचं वर्ष मी पाह्यतोच ना काय हाये ते." आमच्याकडे बायकासुद्धा पाह्यतो, करतो असंच बोलतात. तळहातावरचे फोड लपवायला त्यांनी मुसळ घट्ट धरलं. नवऱ्याच्या नाटकाला त्या कायम बोंबाबोंब म्हणायच्या. त्या दिवशी मला कळलं की ती बोंबाबोंब त्यांना ऐकायची होती.

पण मला भीती वाटली. खरंच वाटली. मुसळाच्या दमावर मामंजी रंगमंचावर गेले आणि पुन्हा मटकन बसले, बसले ते उठलेच नाहीत, तर? दर शनिवारी डॉक्टर आमच्या बाजाराला येत आणि मी आकडे सांगत असे. म्हणजे पाप माझ्याच तोंडून जाणार. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं की यंत्र खोटं बोलत असेल तर मी खरं बोलायचं. संध्याकाळी काटा चारावर होता. मी म्हणाले, "पाव मैल."

आत्याबाईंच्या हातातला तांब्या जमिनीवर आदळला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण किती कांडलं ते ठाऊक होतं. मला रागावता मात्र त्यांना येईना, कारण रागावल्या तर त्यांचीच चोरी उघडी पडणार. मामंजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "पाव? काल तं चार होते."

"आज पाव," मी पदराआडून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गोठ्यातून ढवळ्याचा दोर धरून निघाले. "काऊन भाऊ, कुठी?" "बैलाले फिरवून राह्यलो. बांधून ठेवला का पळते." हे गावाला एकदम पटलं. इतक्या उनाड बैलाला फिरवायलाच हवं! कुणी बसा म्हणालं नाही, कुणी चहा दिला नाही. एका हातात दोर आणि पुढं असा नाठाळ प्राणी असताना कोण थांबवणार? खरं तर ढवळ्यालाच ओढत न्यावं लागायचं, त्यामुळे मामंजींची मेहनत दुप्पट झाली. पाळीवर पोचले की ते बैलाला राजाचं भाषण ऐकवायचे. ढवळा पहिल्या वाक्याला शेपटी हलवायचा आणि दुसऱ्याला खाली बसायचा.

इकडे घरात लढाई जुंपली होती. मी आकडा कमी सांगितला की दुसऱ्या दिवशी आत्याबाई जास्त कांडायच्या. त्यांनी जास्त कांडलं की मी आणखी कमी सांगायची. काटा सातावर असला तरी मी "दीड" म्हणायची. मग मामंजी ढवळ्याला घेऊन आणखी एक खेप मारायचे. घरातले सगळे डबे, कणग्या, मडकी तांदळानं भरली. शेवटी आत्याबाई शेजारणींचं धानही मागून आणून कांडू लागल्या, आणि शेजारणी म्हणू लागल्या, अशी सासू मिळायला पुण्य लागतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी डॉक्टर आले. अंगणात नाटकमंडळी, गुरुजी कागदांसकट. डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंगणाला दहा फेऱ्या मारा आणि लगेच भाषण म्हणा," ते म्हणाले. मामंजींनी फेऱ्या मारल्या. मग छाती काढली आणि ते अख्खं भाषण, प्रजेच्या दुःखापासून शत्रूच्या नायनाटापर्यंत, एका दमात म्हटलं. मी दाराआडून श्वास रोखून ऐकत होते. माझाच दम संपायची वेळ आली. गोठ्यात ढवळा सवयीनं खाली बसला. गुरुजींनी कागद घडी करून खिशात खोल सारले आणि प्रधानाचं काम मागितलं.

सगळे गेले. मामंजींनी कंबरेचं यंत्र सोडलं, माझ्यापुढं धरलं आणि काढून घेतलं. स्वतःच काट्याकडे पाहिलं. "सात," ते म्हणाले.

खरंच सात होते. मी पदर आणखी पुढं ओढला.

"वडशाच्या गिरणीच्या काट्यावर धान मोजू मोजू माही उमर गेली, सूनबाई. इंग्रजी आकडे मले येते." मग परसाकडे पाहत, आवाज खाली करून, "मी घोरत होतो म्हणून झोपलो होतो का? फोड आले तिच्या हाताले. ते तिथी कांडून राह्यली, अन् मी इथी बसून राहू?"

"मग मला वाचायला का लावलं?" मी पहिल्यांदाच त्यांना काही विचारलं.

"तू घरात बोलत कुठी होती?"

परसात शेजारणींचं उरलेलं धान कांडणारं मुसळ थांबलं होतं. आत्याबाई दारात आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओरडल्या, "मंग हा तांदूळ आता कोन खाईन?"

मंडईला आलेल्या साऱ्या पाहुण्यांना आम्ही तो तांदूळ वाढला, तरी होळीपर्यंत उरला. त्या वर्षीचा राजा मी पाहिला, त्यानंतरचे सहा राजेही पाहिले. पण "चार मैल?" म्हणून डोळे विस्फारले तेव्हा मामंजींनी जे काम केलं, तसं पुढं रंगमंचावर त्यांना कधी जमलं नाही. ढवळ्याचं लोढणं मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं काढलं. ढवळा त्यानंतरही कुठे गेला नाही.