व्हय, निघालो

मोबाइल नवे होते तेव्हा आम्ही लोडशेडिंगविरुद्ध कनेरगाव नाक्यावर रास्ता रोको करायचो. मिस कॉल आला की निघायचं, पैसे कटू नयेत म्हणून फोन उचलायचा नाही, असं ठरलेलं. एक मेंढपाळ काका मात्र हटकून उचलायचे. "व्हय, निघालो!" त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.

एकदा चिडून म्हणालो, "काका, उचलता काहून?"

खांद्यावरची घोंगडी सारखी करत ते म्हणाले, "कुणी हाक मारली अन् ओ द्यायची न्हाई, हे बराबर हाय का?"

नाक्यावर सगळ्यांच्या आधी तेच बसलेले असायचे.

आता आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बोलावलं की अंगठ्यांची रांग लागते. परवा नाक्यावर मी एकटाच होतो. काकांचा जुना नंबर लावला आणि पूर्ण रिंग जाऊ दिली.