मुक्ताचा काळा स्क्रीन

संध्याकाळी चहा घेऊन मी मुक्ताच्या खोलीत गेले आणि तिची बोटं लॅपटॉपवर झटकन हलली. खालच्या रांगेतलं एक बटण, वरच्या रांगेतलं एक, आणि स्क्रीन काळा झाला. चार दिवस हेच चाललं होतं.

सतरा वर्षांच्या मुलीचं काहीतरी खासगी असणारच, असं मी स्वतःला समजावत होते. तरी मनात प्रश्न यायचेच. कोणी धमकावत असेल का हिला? कुठे फसली असेल का? आमच्या वेळी लपवायचं म्हणजे पत्र उशीखाली सरकवावं लागायचं, त्याला निदान वेळ तरी लागायचा. इथे माझं पाऊल आत पडायच्या आधीच तिचं जग मिटत होतं, आणि त्या काळ्या काचेत मला माझाच घाबरलेला चेहरा दिसत होता.

"मुक्ता, काय आहे ते दाखव. मी रागावणार नाही."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मग तिने बटणं दाबली आणि स्क्रीन उजळला. त्यावर एका आजाराची माहिती होती.

"आई, तुझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मला सापडला," ती म्हणाली. "साड्यांच्या घडीत ठेवला होतास, तो."

कप खाली ठेवताना चहा बशीत सांडला. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"मोठ्याने वाच," मी म्हटलं. "मला एकटीला वाचायचा धीर होत नव्हता."